दुर्भिक्षाची तपासणी

आमच्या शाळेत ‘समुद्र’ हा शब्द वाक्यात वापरायला बंदी होती. बंदी सरकारची नव्हती, गुरुजींची होती. वर्गात कोणी समुद्र पाहिलेला नाही, खुद्द त्यांनीही पाहिलेला नाही, तेव्हा समुद्राबद्दल आपण जे काही लिहू ते ऐकीव असणार, आणि ऐकीव वाक्याला त्यांच्याकडे शून्य गुण होते. पाठ्यपुस्तकात समुद्रावर अख्खा एक धडा होता. तो त्यांनी मन लावून शिकवला, कठीण शब्दांचे अर्थ सांगितले आणि शेवटी म्हणाले, हा शब्द आता पेटीत राहू द्या, ज्याला समुद्र दिसेल त्याने काढावा. ‘हत्ती’ असाच दोन वर्षं पेटीत पडून होता. मग जैनथच्या जत्रेला कोणा साधूंबरोबर एक म्हातारा हत्ती आला, वर्गातल्या सहा जणांनी तो पाहिला आणि सोमवारी त्या सहा जणांना हत्ती वापरायची परवानगी मिळाली. बाकीच्यांना नाही. मी बाकीच्यांत होते, आणि आठवडाभर माझा नुसता जळफळाट चालला होता.

पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आंध्र प्रदेश. शाळेची पाटी तेलुगूत, हेडमास्तर तेलुगू, पुढच्या चार खोल्या तेलुगू माध्यमाच्या, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा मराठी विभाग. त्यातल्या एका खोलीत पाचवी, सहावी आणि सातवी अशा तिन्ही इयत्ता गुरुजींच्या ताब्यात. ते अदिलाबादहून सकाळच्या बसने यायचे, फाट्यावर उतरून दोन मैल चालायचे. उंच, वाळकुडे, बाराही महिने काखेत काळी छत्री. उन्हाळ्यात छत्री का, म्हणून विचारलं तर सांगायचे, सवय मोडली तर पावसाळ्यात विसरेन.

त्यांची भाषा खोलीच्या उंबरठ्यावर बदलायची. आत असले की पुस्तकातली मराठी, ‘काय करीत आहेस?’ उंबरठ्याबाहेर पाय पडला की लगेच ‘काय करून राह्यली वं?’ मधल्या सुट्टीत एकदा एका मुलाने उंबरठ्यावर उभं राहून त्यांना काहीतरी विचारलं, तर ते म्हणाले, आधी आत ये किंवा बाहेर जा, म्हणजे मला बोलता येईल.

खोटं वाक्य त्यांना खपायचं नाही, आणि खरं की खोटं हे ते कागदावर ठरवायचे नाहीत. स्वतः जाऊन पाहायचे. एकाने वहीत लिहिलं, ‘आमची म्हैस रोज दहा लिटर दूध देते.’ संध्याकाळी धारेच्या वेळेला गुरुजी त्याच्या गोठ्यात हजर. हातात माप. दूध भरलं साडेसहा लिटर. नेमकं त्याच वेळी त्या मुलाच्या बापाने म्हैस विकायला काढलेली, आणि दहा लिटरच्या बोलीवर आलेलं गिऱ्हाईक तिथेच उभं. गुरुजींनी मोठ्याने ‘साडेसहा’ म्हटलं, वहीत लाल फुली मारली आणि छत्री उचलून निघाले. तो बाप पुढे वर्षभर त्यांना पाहून तोंड फिरवायचा. गुरुजींच्या ते लक्षातही आलं नाही.

स्वतःच्या बाबतीतही तेच. एकदा त्यांना कुस्त्या पाहायला जायचं होतं. रजेच्या अर्जात सगळं जग लिहितं तसं ‘तब्येत ठीक नसल्याने’ लिहायचं, तर यांनी लिहिलं, ‘तब्येत उत्तम आहे. कुस्त्या पाहायच्या आहेत.’ हेडमास्तरांनी डोक्याला हात लावला आणि रजा नामंजूर केली. गुरुजी मुकाट वर्गात आले आणि दिवसभर चिडचिड न करता शिकवलं. असल्या माणसाशी भांडता येत नाही, हेच त्यांचं सगळ्यात वाईट होतं.

मी सहावीत असताना एका चाचणीत त्यांनी पाच शब्द फळ्यावर लिहिले आणि वाक्यात उपयोग करायला सांगितलं. त्यातला चौथा ‘दुर्भिक्ष’. अर्थ त्यांनीच सांगितला होता. साधी कमतरता म्हणजे दुर्भिक्ष नव्हे. भिक्षासुद्धा मिळणं कठीण होतं, मागूनही कोणी देत नाही, कारण कोणाकडेच नसतं, ते दुर्भिक्ष. निम्म्या वर्गाने ‘गावात पाण्याचे दुर्भिक्ष आहे’ असं ठोकून दिलं. बाहेर श्रावणातली झड लागली होती, पत्रे वाजत होते, त्यामुळे ते सगळे जागच्या जागी शून्यावर बाद झाले. मी मात्र विचार करून लिहिलं होतं, ‘आमच्या घरी अन्नाचे दुर्भिक्ष आहे.’

खरं सांगायचं तर ते वाक्य निम्मं खरं आणि निम्मं मार्कांसाठी होतं. दुःखाच्या वाक्याला मास्तर लोक जास्त गुण देतात, हे मी तेव्हाच हेरलं होतं. पण निम्मं खरंही होतं. आई-बाबा दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायचे. झडीच्या दिवसांत निंदण, म्हणजे तण काढायचं काम, थांबायचं, मजुरी मिळायची नाही, आणि ज्वारीच्या डब्यात हात घातला की बोटं पत्र्याला लागायची.

गुरुजींनी वाक्य वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शाळा सुटल्यावर माझ्या मागे चालू लागले. आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला, पंचशीलाच्या झेंड्याभोवती. तिकडे मास्तर लोक जनगणनेला आणि मतदानाच्या याद्या घेऊन यायचे, ते झेंड्यापाशी उभं राहूनच विचारायचे. हे थेट आमच्या दारात आले, छत्री मिटली, चपला काढल्या आणि आत येऊन जमिनीवर बसले. आई चुलीपाशी होती. ती गडबडून उठली. गुरुजी उंबरठ्याबाहेरच्या भाषेत म्हणाले, “बाई, भाकर भेटन काय?”

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ताट घेतलं, भाकर वाढली, वर अंबाडीची भाजी, कडेला ठेचा. गुरुजी सावकाश जेवले. एक कणही ठेवला नाही. मग हात धुऊन त्यांनी माझं वाक्य आईला वाचून दाखवलं. आईचा चेहरा उतरला. म्हणाली, हे पोरगी काहीबाही लिवते गुरुजी, तिचं नका मनावर घेऊ. गुरुजींनी मान हलवली, तिथेच वहीवर लाल फुली मारली आणि मला समजावून सांगितलं. भाकर मागितली, मिळाली. म्हणजे दुर्भिक्ष नाही. वाक्य चूक.

ते गेल्यावर मला वाटलं, आई मला बदडणार. पण ती उंबरठ्यात उभी राहून छत्री दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. आमच्या घरी त्याआधी कोणी गुरुजी जेवले नव्हते. पुढे कित्येक महिने ती नळावर बायकांना ते ताट, ती भाजी, त्यांनी कसं बोट चाटलं, हे सांगत होती. त्या संध्याकाळी जेवताना बाबांच्या ताटात एक भाकर होती आणि माझ्या ताटात एक. आईने सांगितलं, मले भूक नाई. मला सगळं समजलं आणि मी गप्प बसले. पण गुरुजींचा असा राग आला, की तो पुढे चार महिने टिकला.

आता चार महिन्यांनी काय झालं ते सांगते.

दसऱ्यानंतर आमच्याकडे कापूस फुटतो आणि गाव शेतात जातं. आई पात धरते, म्हणजे ओळी वाटून घेते, आणि तिच्या बाजूच्या ओळीत लेक असते. वेचाईचे पैसे वजनावर, तेव्हा घरातले जितके हात तितके बरे. त्या दिवसांत शाळेत पोरं नसतात. हे हेडमास्तरांपासून चपराशापर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यावरचा उपायही ठरलेला होता. हजेरीपटात सगळ्यांपुढे ‘हजर’ लिहून मोकळं व्हायचं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. पुढच्या चार खोल्यांत असंच चालायचं.

मागच्या खोलीत मात्र गुरुजी रोज अकरा वाजता रिकाम्या बाकांकडे पाहून एकेक नाव वाचायचे, उत्तराची वाट पाहायचे आणि ‘गैरहजर’ लिहायचे. आम्ही चौतीस होतो. हजर असायची पाच, फार तर सहा. महिन्याच्या तक्त्यात त्यांनी तेच आकडे भरले आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य मराठीत लिहिलं, ‘मुले वेचणीस गेली आहेत. संक्रांतीनंतर येतील.’ तालुक्याच्या दफ्तरात तो तक्ता वाचणाऱ्याला मराठी येत नव्हती. त्याने आकडे वाचले.

दोन महिने असे तक्ते गेल्यावर वरून तेलुगूत पत्र आलं. मराठी विभागात विद्यार्थी नाहीत, तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब येत्या गुरुवारी मुआइना, म्हणजे तपासणी, करतील, तेव्हाही हीच परिस्थिती दिसली तर विभाग बंद करून असलेली मुलं तेलुगू माध्यमात घालावीत आणि शिक्षकाला दुसरीकडे पाठवावं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत आमच्या झेंड्यापर्यंत आली. बाबा बिडी ओढत बसले होते. ते तसे वाईट नव्हते. मला शाळेत घालणारे तेच. पण त्यांचा हिशोब सरळ होता. म्हणाले, “तेलुगूत मले काई समजत नाई अन तुले बी समजनार नाई. बंद झाली त मंग काय, पात धर मायसंगं.” त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला रडताही येईना. माझी मावसबहीण दोन वर्षांपूर्वी अशीच पाचवीतून ‘मायसंगं’ गेली होती आणि आता तिच्या लग्नाचं चाललं होतं. मला शाळा आवडायची. गुरुजी आवडत नव्हते, पण शाळा फार आवडायची.

आईने तोड काढली. एक गुरुवार तर आहे. सगळ्यांनी पोरं पाठवायची, साहेब मोजतील आणि जातील. खालच्या घरांतून आणि वरच्या घरांतूनही सगळे कबूल झाले. हेडमास्तरांचंही तेच म्हणणं होतं. तर दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः दारोदार फिरून सांगून गेले की गुरुवारी पोरं पाठवू नका. जिथे रोज असतात तिथेच असू द्या. एका दिवसापुरती आणून बसवलेली पोरं दाखवणं म्हणजे खोटं वाक्य.

बाबा हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “आमी पोरीले पाठवाले तयार, अन मास्तरच नको म्हनते. याच्यापुढं काय कराव?” मी अंगणात जाऊन गुरुजींना मनातल्या मनात जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. माझी भाकरीची फुली आधीच मनात खदखदत होती. आता वाटलं, हा माणूस माझ्या आईची भाकर खाऊन वर माझी शाळाही घालवणार.

गुरुवारी आम्ही नदीकडच्या मोठ्या शेतात होतो. थंडीचे दिवस, दहिवर सुकल्यावर वेचायला लागलो होतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, इतकी उंच वाढली होती की आम्ही पोरं ओळीत शिरलो की बाहेरून दिसत नव्हतो. कमरेला फडक्याची ओटी बांधलेली, त्यात कापूस. बारा वाजायच्या सुमाराला कोणीतरी हळूच म्हणालं, गुरुजी आले.

मी पानांतून पाहिलं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गुरुजी उभे होते. एका काखेत छत्री, दुसऱ्या काखेत हजेरीपट. मागून धापा टाकत साहेब येत होते. जाडजूड माणूस, तपकिरी बूट, आणि पँटीला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली. शाळेत रिकामे बाक पाहून झाल्यावर गुरुजींनी त्यांना एवढंच विचारलं होतं म्हणे, की बच्चे नहीं हैं असं लिहायच्या आधी मुलं एकदा मागून तर पाहा. आणि शाळेपासून इथवर शेताशेतांतून चालवत आणलं होतं.

गुरुजींनी धुऱ्यावर हजेरीपट उघडला आणि वर्गातल्या आवाजात पहिलं नाव वाचलं.

कोणी उत्तर दिलं नाही.

आम्ही घाबरलो होतो. बूटवाला सरकारी माणूस शेतात येतो तो कशाला, हे आम्हाला काय माहीत? पोरांना कामाला लावलं म्हणून मायबापांना धरून नेतील, असं शेजारच्या ओळीतली म्हातारी कुजबुजली. ज्याचं नाव होतं तो माझ्यापासून चार हातांवर बसला होता. तो खाली वाकून आणखी लहान झाला. गुरुजींनी थोडी वाट पाहिली. दुसरं नाव वाचलं. पुन्हा काही नाही. तिसरं. वाऱ्याने पानं हलत होती तेवढाच आवाज.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. गुरुजी पटावर बोट ठेवून तसेच उभे होते. ते त्या शेताकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. मागितलं होतं आणि मिळत नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

चौथं नाव माझं होतं. मी हललेसुद्धा नाही. आईने ओटीतला हात काढला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

“ऊठ,” ती म्हणाली. “गुरुजी मागून राह्यले.”

मी उठले. ओटीसकट. पऱ्हाटीच्या वर माझं डोकं निघालं, आणि जेवढा जोर होता तेवढ्याने मी ओरडले, “हजर!”

मग माझ्या शेजारचा उठला. मग पलीकडच्या ओळीतून दोघी. गुरुजींनी पहिली तीन नावं पुन्हा घेतली आणि तिथून सरळ खाली वाचत गेले. एकेका नावाला पांढऱ्या कापसातून एकेक काळं डोकं वर येत होतं. काही पोरं शेजारच्या शेतात होती, ती आवाज ऐकून धुऱ्यावरून पळत आली. गुरुजी प्रत्येकाकडे पाहून पटात खूण करत होते, आणि साहेब बोटांवर मोजत होते. सत्तावीस झाली. शाळेत बसलेली पाच. उरलेली दोघं तापाने घरी होती, ते गुरुजींनी सकाळीच जाऊन पाहिलं होतं.

साहेबांचा अजून विश्वास बसत नव्हता. त्यांनी हिंदीत विचारलं, ही पोरं खरोखर शिकतात का, की नुसती नावं आहेत? गुरुजी म्हणाले, काहीही विचारा. साहेबांना मराठी येत नव्हती, तेव्हा काय विचारावं हा प्रश्नच होता. गुरुजी म्हणाले, एक शब्द देतो, दुर्भिक्ष. साहेब थबकले. दुर्भिक्षम्? हा तर आमच्या तेलुगूतही आहे, म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तू बोल. इस लफ्ज़ का एक जुमला बना.” जुमला म्हणजे वाक्य.

सगळं शेत माझ्याकडे पाहत होतं. आमच्या शाळेत मुलांचे दुर्भिक्ष नाही, एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं, आणि तसं म्हणायचं माझ्या मनातही आलं. पण चार महिन्यांचा राग तोंडाशी येऊन बसला होता. मी म्हणाले, “श्रावणात आमच्या घरी अन्नाचे दुर्भिक्ष होते.”

गुरुजींनी मला लगेच ओळखलं. म्हणजे वाक्याला ओळखलं. “हे तपासलेलं हाये,” ते म्हणाले. “चूक हाये.”

“चूक नाई,” मी म्हणाले. “तीनच भाकरी होत्या. तुमाले देल्ली ते आईची होती. आई जेवली नाई.”

बोलून गेल्यावर मला आईकडे पाहवेना. ज्या ताटाची गोष्ट ती नळावर मिरवत होती, तिचा मी साहेबासमोर, गावासमोर असा बोभाटा केला होता. गुरुजींनी मात्र माझ्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. वाक्य तपासायचं म्हणजे तपासायचंच.

“बाई, खरं हाये काय?”

आईने डोक्यावरचा पदर नीट केला. “हो गुरुजी. माह्या वाटची होती.”

“मंग तवा सांगितलं काऊन नाई?”

“तुमी मागितली,” आई म्हणाली. “दारी आलेल्या मान्साले कसं सांगाव?”

गुरुजींनी हजेरीपट मिटला. मग साहेबांकडे वळले आणि त्यांना सगळं हिंदीत सांगितलं. वहीतलं वाक्य, आपण खाल्लेली भाकर, आपण मारलेली फुली. शेवटी म्हणाले, “लड़की का जुमला सही है साब. जाँच मेरी ग़लत थी.” साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि गुरुजींच्या हजेरीपटावर कागद टेकवून उभ्याउभ्या काहीतरी लिहायला लागले. काय लिहिलं ते तेलुगूत होतं, त्यामुळे आमच्यापैकी कोणालाच वाचता आलं नाही. जाताना ते पँटीची कुसळं काढत होते आणि गुरुजी त्यांना कुठली ओढली तर अख्खी निघते ते दाखवत होते.

पुढचे दिवस फार वाईट गेले. वेचताना माझं लक्ष फाट्याकडून येणाऱ्या वाटेवर. बाबा विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हते. मधे एकदा गुरुजी शेतात आले, माझी श्रावणातली जुनी वही मागून घेतली आणि चौथ्या दिवशी परत केली. लाल फुलीवर दोन आडव्या रेघा मारल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘वाक्य बरोबर होते. तपासणी चुकली.’ त्याखाली पूर्ण सही. दोन गुण वाढवून बेरीज नव्याने केली होती, आणि चार महिन्यांपूर्वीच्या त्या चाचणीत, जी जगात कोणाच्याही लक्षात नव्हती, मी दुसऱ्या नंबरावरून पहिल्या नंबरावर आले होते. जिचा पहिला नंबर गेला तिलाही त्यांनी शेतात गाठून तसं कळवलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. ती वही उराशी धरून मी त्या दिवशी ओटी अर्धीच भरली, आणि आई रागावली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी हेडमास्तर स्वतः कागद घेऊन खालच्या घरांकडे आले. आणि झेंड्यापाशी न थांबता आमच्या दारापर्यंत आले. त्यांनी तेलुगूतून वाचून हिंदीत सांगितलं. मराठी विभाग चालू राहील. शिक्षक तेच राहतील. आणि वेचणीच्या दिवसांत त्या विभागाची शाळा सकाळी साडेसहा ते साडेनऊ भरवावी, म्हणजे मुलांना नंतर शेतात जाता येईल. बाबांनी बिडी विझवली. “म्हंजे शाळा बी अन वेचाई बी,” ते म्हणाले, आणि या वेळचं हसणं चांगलं होतं. मग त्यांनी मला विचारलं, तुझी ती घंटा किती वाजता होते? मी उठवत जातो.

साडेसहाच्या शाळेसाठी अदिलाबादहून एकही बस नव्हती. गुरुजींनी संक्रांतीपर्यंत गावातच, शाळेमागच्या सामानाच्या खोलीत मुक्काम केला. सैपाक त्यांना येत नव्हता. हे आईला कोणी सांगितलं कोण जाणे.

पहिल्या दिवशी धुकं होतं. आईने माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी दिल्या. नवी ज्वारी घरात आली होती आणि त्यांचा वास फडक्यातूनही येत होता. गुरुजी उंबरठ्याबाहेर उभे राहून दात घासत होते. मी फडकं पुढे केलं. आईनं देल्लं, म्हटलं.

त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, फडकं घेतलं, पण गाठ सोडली नाही.

“घरी किती उरल्या?”

“पाच.”

“तू मोजल्या?”

“मोजल्या.”

“अन मायची?”

“तिनं माह्यासमोर खाल्ली, गुरुजी.”

मग त्यांनी गाठ सोडली, आणि घंटा व्हायच्या आत तिथेच पायरीवर बसून दोन्ही भाकरी खाल्ल्या.